डोंबिवलीहून विरजण आणताना

लोक शनिवारी अलिबागला जातात, लोणावळ्याला जातात. मी डोंबिवलीला गेले, चाळीस लिटर काळपट घट्ट पाणी आणायला, आणि खरं सांगते, एवढी मी गोव्यालाही हसले नव्हते. तुमच्या सोसायटीत कचऱ्यापासून गॅस बनत असेल, किंवा बनावा असं वाटत असेल, तर ही सहल तुमच्यासाठी आहे.

घोडबंदर रोडवर आमच्या इमारतीमागे एक काळी टाकी आहे आणि तिच्यात दुसरी टाकी पालथी घातलेली आहे. घराघरातली सालं, देठं, चहाचा चोथा खाली कुजतो आणि गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते. त्या गॅसवर एक शेगडी चालते. हाउसकीपिंगच्या सुनीताबाई तिच्यावर दुपारी वॉचमन, माळी, सफाईच्या बायका अशा अकरा जणांसाठी आमटी-भात करतात. पूर्वी ही मंडळी जिन्याखाली आपापल्या कोपऱ्यात गार डबा उघडायची. आता पंगत बसते, आणि बाईंची लसणीची फोडणी पडली की चौथ्या मजल्यापर्यंत लोकांना भूक लागते.

गणपतीनंतर टाकी बसली. गॅस नाही, नुसता आंबूस वास. चेअरमन म्हणाले, "सुनीताबाईंनी भलतंच काहीतरी टाकलं असणार. पंधरा दिवसांनी वार्षिक सभा आहे. तोवर शेगडी पेटली नाही तर टाकी काढू, दोन गाड्या लागतील तिथे." सुनीताबाई खाली बघत उभ्या राहिल्या. मीही गप्प राहिले. कारण महाप्रसादानंतर उरलेला घमेलंभर मसालेभात आणि बादलीभर जिलबीचा पाक त्या टाकीत ओतणारी बाई मीच होते. अन्न वाया जाऊ नये म्हणून. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे अख्खी टाकी रिकामी झाली.

एका मैत्रिणीने सांगितलं की बिघडलेल्या टाकीला चालत्या टाकीतलं पाणी लागतं, दह्याला विरजण लागतं तसं. डोंबिवलीच्या दामलेकाकांकडे ते मिळेल. नवऱ्याने गाडीची किल्ली खिशात घातली आणि चेन लावली. मग नाक्यावरच्या दिलीपदादांची रिक्षा दिवसभरासाठी बाराशे रुपयांत ठरवली. "सांडलं तर धुऊन द्यायची," एवढीच त्यांची अट. सुनीताबाईंना मी सोबत चला म्हटलं, तर त्या मोतिया रंगाची साडी नेसून, गजरा माळून आल्या. हातात सरबताची बाटली, आणि बाटलीत आमच्या टाकीचा नमुना.

साडेसहाला निघा, हा माझा पहिला सल्ला. आम्ही सात वाजता निघालो आणि कापूरबावडीपर्यंतच आमचा पाऊण तास गेला. मुंब्रा बायपासला मात्र वारा लागला आणि सुनीताबाई गाणं गुणगुणायला लागल्या. शीळफाट्याला गरम वडापाव खाल्ला. ठेचा मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

दामलेकाका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या तळमजल्यामागची टाकी तीन इमारतींची सालं खाते. लोक येताजाता पिशवी घेऊन येतात आणि दहा मिनिटं बोलत थांबतात. काकू टाकीला "आमची गाय" म्हणतात. त्या गायीच्या गॅसवर त्यांनी आम्हाला थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा. असं खमंग थालीपीठ मी बऱ्याच वर्षांत खाल्लं नव्हतं.

काकांनी बाटलीत कागदाची पट्टी बुडवली. ती लालसर झाली. "आंबलीय पार. पेशंटने शेवटचं काय खाल्लं?"

"भाजीची सालं, काका. केळीची सालं. रोजचंच," सुनीताबाई म्हणाल्या.

"त्याने असं होत नाही. आठवा नीट."

सुनीताबाई खरंच आठवायला लागल्या. बोटांवर एकेक दिवस मोजत होत्या. मी हातातला घास खाली ठेवला.

"मसालेभात," मी म्हटलं. "आणि जिलबीचा पाक. मी ओतला."

"किती?"

"बादलीभर."

काका म्हणाले, "अहो, एवढं माणसानेही पचवलं नसतं." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. सुनीताबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि थालीपीठ संपवलं.

काकांनी वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून दिले. आठवडाभर टाकीला काही खायला घालायचं नाही, चुन्याची निवळी थोडी थोडी द्यायची, आणि कॅनची झाकणं सैल ठेवायची. वासाच्या भीतीने मी ती घट्ट पिळली.

परतताना पुन्हा शीळफाटा, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. सुनीताबाई बाहेर बघत म्हणाल्या, "ताई, मला तीन रात्री झोप नाही. वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी गेलं. अकरा माणसं गार खातायत माझ्यामुळे."

मला फार लाज वाटली. "चुकलं माझं," मी म्हटलं.

"मला सांगून काय उपयोग? सभेत सांगाल?"

"सांगेन."

तेवढ्यात दिलीपदादा आरशात बघून म्हणाले, "मॅडम, तुमचा डबा फुगतोय."

कॅन खरोखर टम्म झाला होता. मी झाकण जरासं फिरवलं आणि असा काही फुस्स आवाज झाला की शेजारचा बाइकवाला दचकला. दिलीपदादांनी नाक धरलं. सुनीताबाई आधी गजरा सांभाळत होत्या, मग हसायला लागल्या, आणि मग आम्ही तिघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. रिक्षा मी नंतर स्वतः धुतली.

विरजण टाकीत ओतल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी फोन आला. "ताई, टाकी उठली." मी गाऊनवर ओढणी घेऊन खाली धावले. निळी ज्योत, वर चहाचं पातेलं, भोवती सगळी मंडळी. मला रडू आलं, आणि मी ते धुरावर ढकललं, जो तिथे नव्हताच.

सभेत मी उभी राहिले आणि घमेल्यासकट सगळं सांगितलं. चेअरमननी चष्मा पुसला, सुनीताबाईंना "माफ करा" म्हणाले आणि पार्किंगचा विषय मागे घेतला. कॅन दामलेकाकांकडे परत गेले. भांडं रिकामं देऊ नये म्हणतात, म्हणून प्रत्येकाच्या दांड्याला एकेक नारळ बांधला.

सभेत एकच नवी खरेदी मंजूर झाली, सुनीताबाईंच्या मागणीवरून: टाकीच्या तोंडाला कुलूप. किल्ली त्यांच्या कमरेला असते. मी सालांची पिशवी घेऊन गेले की त्या लगेच उघडून देतात. पण आधी पिशवीत हात घालून बघतात.