मायाक्काच्या मांडीखालचं घोंगडं

मेंढपाळांच्या अधिवेशनाचं आमंत्रण घेऊन संघटनेचे पुढारी शहाजीराव मायाक्काच्या वस्तीवर आले, तेव्हा तिचे अर्ज लिहून देणारी कार्यकर्ती म्हणून मी तिथंच बसले होते. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, उघड्या माळावर तिचं घर. शहाजीराव ओसरीला टेकले आणि म्हणाले, "वैनी, सगळं कुटुंब घेऊन सोलापूरला या. अधिवेशन बी होईल, फिरणं बी होईल. अक्कलकोट दाखवू, किल्ला दाखवू, तळं दाखवू."

मायाक्कानं चहा पुढं सरकवला. "आन बोलायला मिळंल का?"

"मिळंल की! स्टेजवर बोलायचं तुमी."

तिला बोलायचं होतं ते एवढंच. गावच्या गायरानाला वनखात्याचं तारेचं कुंपण पडलं आणि मेंढरांची तळ्याकडं जायची वाट त्या तारेच्या आत गेली. आता कळप टेकाडाला वळसा घालून पाण्याला जातो. गाभण मेंढ्या निम्म्यातच बसतात. वाट मोकळी करा, असा ठराव अधिवेशनात व्हावा, आणि तो तिनं स्वतः मांडावा. त्या खात्याच्या कचेरीच्या पायऱ्या आम्ही दोघींनी झिजवल्या होत्या. तिथं साहेब नसतो, आणि असला तर जेवायला गेलेला असतो. सोलापुरात मात्र त्याच खात्याचा मोठा साहेब पाहुणा म्हणून येणार होता, आणि हजार लोकांसमोर त्याला जेवायला पळता येणार नव्हतं.

उठता उठता शहाजीरावांनी एक गोष्ट मागून घेतली. "सत्काराचं घोंगडं तुमच्या घरचं पायजे, वैनी."

मेंढपाळांच्या कार्यक्रमात पाहुण्याच्या खांद्यावर शाल घालत नाहीत, घोंगडं घालतात. मायाक्काकडं नवंकोरं होतं. लोकर घरच्या मेंढरांची, सूत तिनं कातलेलं, विणलेलं घोंगड्यांच्या विणकरानं, सणगरानं, चिंचोक्याच्या खळीनं अजून ताठ. "आणते," ती म्हणाली. "पर देणार माझ्या हातानं."

अधिवेशनाच्या दिवशी आम्ही सोलापुरातल्या मंगल कार्यालयाच्या फाटकात पोचलो. मायाक्का, तिचा नवरा गुंडा, कॉलेजातली पोरगी दिपाली आणि मी. फाटकातच एक बस उभी, तिच्यावर फलक: महिला भगिनींसाठी अक्कलकोट दर्शन. शहाजीराव हात जोडून एकेक बाई बसमध्ये चढवत होते.

"आन ठराव?" मायाक्कानं विचारलं.

"ठराव दुपारी. तुमी संध्याकाळपत्तुर निवांत फिरून या. तुमचं सगळं आमी मांडतो की."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, शहाजीराव, बायकांना देवदर्शनाला पिटाळून माघारी ठराव करताय, ही कुठली पद्धत? लाज वाटत नाही का? माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला. रिक्षावाले थांबून ऐकायला लागले. शहाजीराव हसत राहिले. अशा माणसांवर ओरडून काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी ओरडते.

गुंडा बायकोकडं न बघता म्हणाला, "जा की. देव बी होईल. हितं लई गर्दी हाय."

मायाक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग काखेतलं घोंगडं सावरलं आणि गुमान बसमध्ये चढली. मला तिचाच राग आला.

"चला, ताई," खिडकीतनं ती म्हणाली. "उनात भांडून घसा सुकंल तुमचा."

अक्कलकोटचाच बसू नावाचा ड्रायव्हर गाडी चालवत होता. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायचा. "नडीरी अक्का, नडीरी, चला चला," करत त्यानं सगळ्यांना दर्शनाला नेलं आणि आणलं. दिपालीनं शंभर फोटो काढले. मायाक्का देवाला जाताना घोंगडं पोरीच्या हातात देऊन गेली, आली की परत घेऊन त्याच्यावरच बसली. मी अजून फुगलेलीच होते.

प्रसाद घेऊन बाहेर झाडाखाली बसलो, तोच दिपालीचा फोन वाजला. गुंडा होता. पोरीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"अगं, घोंगडं कुटं हाय?"

"हाय की. माझ्या मांडीखाली."

"पाहुणं आल्यात! सत्कार खोळंबलाय! शहाजीरावांनी मायकावर सांगून टाकलंय, मायाक्काच्या हातच्या सुताचं घोंगडं म्हणून!"

"मग नव्या पेठेतनं चादर आणा म्हणावं. सोलापुरात चादरींना काय तोटा?"

बसमधनं आलेल्या सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. तिकडं मांडवात पुढच्या रांगेत पटकेवाले म्हातारे बसलेले. त्यांच्यासमोर पाहुण्याला चादर घातली असती, तर शहाजीरावांना पुढच्या वर्षी कुणी सतरंजी उचलायलाही बोलावलं नसतं. आणि दुकानातलं गिरणीचं घोंगडं ते म्हातारे नुसत्या बोटानं ओळखतात.

फोनवर शहाजीरावांचा आवाज आला. "वैनी, असं काय करता? बसू एकटाच घेऊन येऊ दे घोंगडं."

"घोंगडं एकटं येत न्हाय. बाया संगट येत्यात. आन बायांबिगर ठराव व्हायचा न्हाय. व्हय म्हणा, न्हायतर मी अजून किल्ला बघायची हाय."

पलीकडं कुजबुज. मग "व्हय, व्हय, या."

फोन परत गुंडाकडं गेला. तो मोठ्यानं ओरडला, "बिगी बिगी आण!" आणि मग अगदी हळू, फोनला तोंड लावून म्हणाला, "बोलल्याबिगर देऊ नगंस."

मायाक्काच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "बसू, नडी!" ती म्हणाली.

मांडवात आम्ही शिरलो तेव्हा पाहुणे साहेब घड्याळ बघत होते. मायाक्का स्टेजवर चढली. साहेबांनी मान वाकवली. घोंगडं मात्र तिच्याच खांद्यावर राहिलं.

"साहेब, ही लोकर ज्या मेंढरांची, त्यांची पाण्याची वाट तुमच्या तारंच्या आत गेलीया. ती मोकळी करा, हा आमचा ठराव."

शहाजीराव माइककडं सरकले. मी स्टेजच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. ते मागं सरकले.

तिनं मांडवाकडं वळून सांगितलं, "हात वर करा!" बाया आधी, मग म्हातारे, मग सगळे. गुंडाचे दोन्ही हात वर.

साहेब हसले. "बघू. करू."

"बघू न्हाय." तिनं घोंगडं स्टेजवर अंथरलं. "आमच्यात शब्द घोंगड्यावर बसून देत्यात. बसा."

साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. समोर पटकेवाले म्हातारे पुढं वाकून बघत होते. बूट काढून माणूस खाली बसला आणि माइकमध्ये म्हणाला, पावसाळ्याच्या आत वाट मोकळी करून देतो.

टाळ्या पडल्या. साहेब उठले, पुन्हा मान वाकवली. मायाक्कानं घोंगड्याची घडी घातली आणि काखेत मारली.

"ह्याच्यावर शब्द दिलाय तुमी. आता हे साक्षीदार हाय. साक्षीदार माझ्या घरी ऱ्हाईल. वाट सुटली की माझ्या हातानं आणून खांद्यावर घालीन."

साहेब मोकळ्या खांद्यानं गाडीत बसले.

घरी परत जाताना दिपालीच्या हट्टानं आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्यावर थांबलो. गुंडा आणि मायाक्का घोंगडं अंथरून काठावर बसले, आणि पोरीनं त्यांचा फोटो काढला.

परवा साहेबांच्या माणसाचा फोन आला. घोंगडं पाठवून द्या म्हणाला, साहेबांना बैठकीच्या खोलीत लावायचंय.

"वाट पाठवा," मायाक्का म्हणाली. "घोंगडं तयारच हाय."