अल्प नावाचं बाळ

नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक तुर्की कुटुंब राहतं. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. नवऱ्याची आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, पण दिवसभर असते इथेच. तिला मी तेयझे म्हणते. तुर्कीत मावशीला तेयझे म्हणतात. ती मला ‘किझिम’ म्हणते, म्हणजे माझी पोर. तिला या देशात चाळीस वर्षं झाली, मला नऊ. डच मात्र दोघींचंही सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. एकमेकींच्या चुका आम्हाला कळतच नाहीत.

गेल्या वर्षी तिच्या सुनेला सात आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, पण वजन दोन किलोसुद्धा नव्हतं. पाच आठवडे बाळ हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं. तेयझे सकाळी बाळाला बघून यायची आणि घरी जाण्याऐवजी थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मी चहा टाकायचे. ती कपाभोवती दोन्ही हात धरून बसायची आणि ‘आज तीस ग्रॅम वाढलं’ किंवा ‘आज काही नाही’ एवढंच सांगायची.

बाळ घरी आलं त्या दिवशी शेजारच्या खिडकीत लाकडी करकोचा लागला आणि त्याच्या चोचीत नावाची पाटी. ही इथली पद्धत. पाटीवर रोमन लिपीत तीनच अक्षरं होती. मी ती वाचली आणि भांडी घासता घासता एकटीच हसत सुटले. अल्प! इतकं मोजून-मापून नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी ठरवलं की हे कुणापाशी बोलायचं नाही.

दोन दिवसांनी बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू घेऊन मी आणि माझी आठ वर्षांची लेक शेजारी गेलो. आमच्यापुढे टोस्टवर लोणी आणि निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या आल्या; मुलगा झाला की इथे हेच देतात. बाळ तेयझेच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं होतं, नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. माझी लेक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि स्वच्छ डचमध्ये म्हणाली, “आमच्या भाषेत अल्प म्हणजे थोडंसं.”

चूक माझीच होती. आदल्याच रविवारी मी तिला मराठी शिकवताना अल्पविराम समजावून सांगितला होता. अल्प म्हणजे थोडा, म्हणून थोडंसं थांबायचं. एरवी मी दहा वेळा सांगितलेलं तिच्या डोक्यात शिरत नाही, आणि हे मात्र बरोबर शिरलं होतं.

“थोडंसं म्हणजे किती?” तेयझेने विचारलं.

लेकीने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. दोन्हींच्या मधून जेमतेम शेंगदाणा गेला असता.

तेयझेने बाळ सुनेकडे दिलं, रिकाम्या बश्या उचलल्या आणि आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सून हळूच म्हणाली, “मनावर घेऊ नका. नाव त्यांनीच ठेवलंय. आमच्या जुन्या भाषेत अल्प म्हणजे शूर माणूस, योद्धा. त्या पेटीपाशी उभ्या राहून रोज म्हणायच्या, मी याला मोठं नाव दिलंय, आता याने त्या नावाएवढं व्हायचंय.”

घरी आल्यावर मी लेकीला रागावले. ती म्हणाली, “पण तू शिकवलंस ते चूक होतं का?” पुढचे चार दिवस तेयझे चहाला आली नाही. चहा मी सवयीने दोन कप टाकत होते आणि एक ओतून देत होते.

शनिवारी लेकीचा पोहण्याचा क्लास असतो. तलावाच्या काचेबाहेर आम्ही पालक बाकांवर बसतो. तिथे एक आयरिश बाबा असतो, त्याची मुलगी माझ्या लेकीच्याच गटात आहे. तो त्याच्या देशाच्या अगदी पश्चिम टोकाकडचा, घरी इंग्रजी नव्हे तर आयरिशच बोलत वाढलेला. मन हलकं करायला म्हणून मी त्याला सगळी हकिगत सांगितली. शब्द ऐकताच तो माझ्याकडे वळला.

“कोणता शब्द म्हणालात? अल्प? तो तर आमच्याकडेही आहे.”

“काय अर्थ?”

“बकाबका खाणं. न चावता गिळणं. मी लहानपणी बटाटे असे खायचो की आई म्हणायची, जरा चाव, नुसतं अल्प करू नकोस.” आणि हाताने तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं करून दाखवलं. मग म्हणाला, “ते आल्प्स पर्वत आहेत ना, त्यांचं नावही आमच्याच पूर्वजांच्या केल्टिक भाषेतलं, असं काही लोक म्हणतात. उंच डोंगर या अर्थाचं. पण पक्कं कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही आयरिश लोक असं कशाबद्दलही म्हणतो.”

मी मराठीत एम.ए. केलंय. या देशात त्या पदवीचं काय करायचं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी कॉम्प्युटरसमोर बसले ती जेवायचंही विसरले. उंच डोंगर आणि शूर वीर, दोन्ही मोठेच की. मला वाटलं, आता एक धागा सापडणार. दोन दिवस वाचून एवढंच कळलं की धागाबिगा काही नाही. तुर्कीचं घराणं वेगळं, केल्टिकचं वेगळं. आपला संस्कृतातला अल्प केल्टिकच्या दूरच्या नात्यातल्या घरातला, पण या शब्दाशी त्याचाही संबंध दिसत नाही. सगळे नुसते आडनावबंधू. आडनाव एकच, पण सोयर-सुतक नाही. मी जराशी हिरमुसले, आणि तरीही शेजारची बेल वाजवली.

दार तेयझेनेच उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं. मी दारातच सगळं सांगून टाकलं, माझ्या मोडक्या डचमध्ये, हातवारे करून. आयरिश बाबाचे बटाटेसुद्धा तोंडात कोंबून दाखवले.

“म्हणजे गटागटा खातो?” तिने विचारलं.

“हो. आणि आमच्याकडे अल्पोपहार म्हणतात,” मी म्हणाले. “म्हणजे थोडंसं खाणं. पण त्यात बटाटेवडे असतात, शिरा असतो, वर चहा असतो. अल्पोपहाराला आलेला माणूस माझ्या घरून कधी उपाशी गेलेला नाही.”

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, “तुमची भाषा विनयाची आहे. असतं पुष्कळ आणि म्हणता थोडं.”

“तसंच समजा.”

तिने मला आत घेतलं. बाळाची दुधाची बाटली टेबलावर तशीच होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. बाळ चार घोट घ्यायचं आणि झोपून जायचं, तीच तर सगळ्यांना काळजी होती. तेयझे खुर्चीत बसली, बाटली त्याच्या ओठांना लावली आणि कानाशी वाकून हुकूम द्यावा तशी म्हणाली, “अल्प.” मग माझ्याकडे बघून, “किझिम, आयरिशमध्ये असंच म्हणतात ना?”

“असंच.”

“अल्प,” तिने पुन्हा सांगितलं. बाळाने दोन घोट घेतले आणि ते झोपलं. आम्ही दोघी हसायला लागलो. आवाज होऊ नये म्हणून तिने ओढणी तोंडावर धरली होती.

त्या घरात हाक आणि हुकूम यांचा तेव्हापासून एकच शब्द झाला. सूनही तसंच म्हणायची. काही आठवड्यांनी बाळाला खरोखरच भूक लागू लागली, ती अर्थात वयाप्रमाणे. पण तेयझे श्रेय आयरिश भाषेलाच देते. तिने त्या बाबालाही कुटुंबासकट एकदा जेवायला बोलावलं, आणि तो दुसऱ्यांदा भात वाढून घेत असताना त्याच्याकडे मोठ्या विश्वासाने बघत राहिली.

मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली ती तणतणतच. बाळांची तपासणी करतात त्या केंद्रात नातवाला घेऊन गेली होती. आता तो चौदा महिन्यांचा आहे, आणि दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो.

“नर्स म्हणते, खाणं जरा कमी करा,” ती म्हणाली. “कमी! चाळीस वर्षं राहिले मी या देशात. असं कुणी कुणाच्या नातवाबद्दल बोलतं का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, मला डच येत नाही.”