त्याचे खिळे तोच वेचेल

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणारी एक बाई होती. तिला सगळे टाचणी म्हणायचे. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, आणि त्यांच्या आडूनच ती भल्याभल्या नटांना झापायची. "पोट आत घ्या महाराज, सिंहासनाआधी शिवण जाईल तुमची!" मी राणीच्या भूमिका करायचे, म्हणून ती मला अजूनही राणीसाहेब म्हणते. अशी हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

प्रयोग संपला, प्रेक्षक पांगले, की टाचणी एक मोठं चुंबक दोरीला बांधून रंगमंचावर फिरवायची. पडलेली प्रत्येक टाचणी त्याला चिकटून यायची. अनवाणी नाचणाऱ्या पोरींच्या पायात तिच्या राज्यात कधी काही रुतलं नाही.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही रडलो. तिनं मात्र माझ्या खिडकीखालच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली आणि चादरी-पडदे धुऊन, इस्त्री करून पोचवायचं काम सुरू केलं. त्यासाठी इलेक्ट्रिक सायकल घेतली. मागे भलामोठा पेटारा, मागच्याच चाकात मोटर, बॅटरीचं ओझं वेगळं. हत्तीचं पिल्लूच म्हणा ना.

शेजारी सोफे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. टाचणीनं घेतलेली खोली त्याला गोदामाला हवी होती. मालकानं ती हिला दिली, आणि ते त्याला जे लागलं ते लागलंच. जुन्या सोफ्यांचे उपसलेले खिळे तो आधी डब्यात टाकायचा. आता रोज सकाळी फडकं सरळ गल्लीत झटकायला लागला. टाचणीची गाडी आठवड्याला पंक्चर.

"अहो, डबा फुटला का तुमचा?" तिनं विचारलं.

"चाक बघून चालवावं माणसानं," तो म्हणाला आणि पुन्हा ठोकाठोकीला लागला.

एका सकाळी ती प्रसूतिगृहाच्या चादरी घेऊन निघाली. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गल्लीच्या तोंडाशी मागचं चाक बसलं. ती गाडी ढकलत निघाली, पण एवढं धूड एकट्या बाईला सावरतंय होय? गाडी कलली आणि धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी गटारात. प्रसूतिगृहानं काम काढून घेतलं. बाळंतिणी काय चादरीसाठी थांबणार?

त्या दिवशी ती माझ्याकडे आली, पदराला चिखल तसाच. चहाला हात लावला नाही.

"राणीसाहेब, त्या माणसाला त्याचे खिळे त्याच्या हातानं वेचायला लावते की नाही बघा. भर गल्लीत. वाकून."

"अगं, तुझं चुंबक आहे ना? फिरव की रोज."

"माझ्या टाचण्या मी वेचल्या आयुष्यभर. त्याचे खिळे तोच वेचेल."

रंगमंचावर मी पुष्कळ शपथा घेतल्या. पडदा पडला की त्या संपायच्या. हिच्या आवाजात मात्र पडदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सायकलच्या दुकानात गेली. सोबत म्हणून मीही.

"खिळाच काय, सुरी खुपसली तरी बसणार नाही असा टायर द्या," ती म्हणाली.

"बाई, टायर घेताय का तलवार?" दुकानदार हसला.

"दोन्ही. तो कोणता, हवाच नसलेला?"

"भरीव रबराचा. पंक्चर होणारच नाही. पण तुमच्या गाडीला मी द्यायचो नाही. एवढं वजन, त्यात टायर दबत नाही. सगळे धक्के चाकाच्या तारांवर."

"बसवा," टाचणी म्हणाली. डोक्यात राग असला की कान बंद असतात.

काय तो रुबाब सांगू! ती मुद्दाम सोफेवाल्याच्या दारासमोरून, खिळ्यांवरूनच गाडी न्यायची, घंटी वाजवत. खिळे करकर चिरडायचे. तो दारात उभा राहून बघायचा आणि त्याचं तोंड कडू व्हायचं. मी वरून टाळ्या वाजवायचे.

पण हादऱ्यांनी तिची कंबर धरली. बॅटरी लवकर उतरायला लागली. आणि एक दिवस पुलापलीकडे मागच्या चाकाच्या तारा ताडताड तुटल्या, चाक वाकडं झालं. ती लांबचा वळसा घालून मागच्या बोळातून घरी आली. का? सोफेवाल्याला दिसू नये म्हणून.

यावेळी दुकानात ती शांत होती. पुढ्यात ठेवलेला प्रत्येक टायर तिनं कापड पारखावं तसा दुमडून, अंगठ्यानं दाबून पाहिला. "अस्तर दाखवा," म्हणाली. दुकानदारानं एका टायरचा कापलेला तुकडा काढला. वर जाड रबर, त्याखाली खिळ्याला अडवणारा लवचीक पट्टा, त्याखाली घट्ट विणीचं कापड. बाजूवर किती वजन पेलेल तो आकडा छापलेला. तिनं गाडी, मोटर, पेटारा, स्वतः आणि ओल्या चादरी, सगळं धरून हिशोब मांडला.

"रुंद घ्या," दुकानदार म्हणाला, "आणि आत हा चिकट द्रव घालतो. बारीक भोक पडलं तर आपोआप बुजेल. पण हवा बघत जा बाई. हवा कमी पडली की वजनानं ट्यूब रिमखाली चिमटते, मग टायर कितीही चांगला असो."

ते टायर टिकले. गाडी मऊ चालायला लागली. प्रसूतिगृहाच्या मुख्य नर्सनं महिनाभर पारखून काम परत दिलं. मला वाटलं, झालं, संपला राग. छे! जुने भरीव टायर तिनं पुसून, खोलीत खुंटीवर टांगून ठेवले होते. नाटकातली तलवार टांगावी तसे.

ती काय ठरवून बसली होती हे मला पुढे कळलं. सोफेवाल्यानंही स्टुलं-खुर्च्या पोचवायला तसलीच जड इलेक्ट्रिक सायकल घेतली. आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्याच खिळ्यांनी त्याचं चाक दोनदा बसलं. शेवटी तो टाचणीच्या दारात आला.

"ताई," तो म्हणाला. पहिल्यांदाच ताई! "तुमचं चाक कसं हो बसत नाही?"

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि अशी गोड हसली की मी आयुष्यात तसा अभिनय पाहिला नाही. "हवाच नाही त्यात, भाऊ. जुने आहेत माझ्याकडे, घेऊन जा. शेजारधर्म."

तो बिचारा आभार मानत टायर घेऊन गेला. मी खिडकीत तोंडावर पदर धरून हसत होते. हसता हसता त्याची थोडी कीवही आली, खोटं कशाला सांगू. पण टाचणीला सांगायची माझी छाती नव्हती.

व्हायचं ते झालं. खुर्च्या लादलेल्या गाडीच्या तारा भर बाजारात तुटल्या. तो गाडी ढकलत आला, घामानं निथळत, आणि तिच्या दारात ओरडला, "तू मुद्दाम दिलेस ते!"

"चाक बघून चालवावं माणसानं," टाचणी इस्त्री फिरवत म्हणाली.

त्यानं गाडी भिंतीला टेकवली. तिथल्या तिथे एक स्टूल ओढून बसला. मग हळूच म्हणाला, "खरा टायर कोणता?"

"सांगते. आधी गल्ली साफ कर."

तो झाडू घेऊन आला.

"झाडूनं नाही. हातानं."

"ताई, लोक बघतील."

"बघू देत. माझ्या चादरी गटारात पडल्या तेव्हाही बघत होतेच."

तो वाकला. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या असताना, एकेक खिळा वेचून डब्यात टाकत गेला. टाचणी दारात उभी, हात बांधून. त्यानं कंबर धरत डबा तिच्यापुढे केला तेव्हा ती आत गेली आणि ते जुनं, दोरी बांधलेलं चुंबक घेऊन आली. प्रयोग संपल्यावर फिरवायची तशीच सावकाश गल्लीभर फिरली. सोफेवाला श्वास रोखून बघत होता. मीही.

त्याच्याच उंबऱ्यापाशी टक् असा आवाज आला.

तिनं चुंबकाला चिकटलेला खिळा काढला, त्याच्या डब्याशेजारी जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "हा राहिला, भाऊ. वाक."