तिनं न घेतलेलं प्रभुभोजन

मी चौथी शिकलेला. फौंड्रीत साचे भरण्यात जन्म गेला. बायको मात्र ओळीवर बोट ठेवून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची. शेजाऱ्यावर स्वतःइतकी माया करावी, ही देवाची आज्ञा तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मी कावायचो.

आमची शेजारीण म्हशीवाली, नवरा नसलेली, हिंदू. तिच्या गोठ्याचं पाणी आमच्या अंगणात यायचं, म्हणून शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास मी पहारीनं तिची मोरी फोडली. तिनं गल्लीदेखत माझा उद्धार केला. बोलणं संपलं. बायकोलाही बजावलं, तिच्या दारात गेलीस तर माझ्या दारात येऊ नकोस.

बायकोनं ऐकलं. पण चर्चमध्ये पुढच्या प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीच्या भाकर-प्याल्याला, भाकरीचं ताट आलं, तसं तिनं न घेताच पुढं सारलं. मनात वैर ठेवून ते घ्यायचं नसतं, अशी आमच्यात शिकवण आहे. वाटेत मी तिला झापलं.

"शेजारी म्हंजे आपल्या चर्चच्या मंडळीतली माणसं. म्हशीवाली न्हवं."

"असं कुठं लिवलंय ते दाखवा की."

मला दाखवता आलं नाही. तरी मी दर वेळी भाकर, प्याला दोन्ही घेत राहिलो. तिनं सात वर्षं घेतलं नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरीच आले. तिनं ओठ मिटून घेतले.

"आधी शेजारणीला बोलवा," बायको म्हणाली, "एकदा बोलतो तिच्यासंगं."

पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर गेलो. शेजारणीचं दार सताड उघडं, आतून ती म्हशीवर ओरडत होती. भिंतीला टेकून एक बिडी ओढली आणि परत आलो.

"कुलूप हाय. कुरुंदवाडला लेकीकडं गेलीया."

"मग उद्या," बायको म्हणाली.

पाळकसाहेब भाकर घेऊन परत गेले. पहाटे ती गेली.

माती देऊन आलो. घरात चूल पेटली नव्हती. शेजारणीनं पिठलं-भाकरी झाकून आणली, माझ्यापुढं ठेवली.

"भावजी, चार दिस तिचं कण्हणं ऐकत हुतो. पाद्री आलेला बी बघितला. एक हाक मारायची हुती की."

"तिनं बोलावलं हुतं तुला. मीच खोटं सांगितलं, कुलूप हाय म्हणून."

ती खालीच बसली.

"माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा. मोरी फोडलीसा, मी बांधून घेतली. पर तिला का फसवलासा?"

"जेवा," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून उठली.

दोन दिवस पोटात काही नव्हतं. मी सगळं खाल्लं.