सलीमभाईंची सुट्टी आणि आमचा सर्व्हर

दुबईत बाल्कनी कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी वाळू आहेच. आमच्या ऑफिसच्या किश्श्यांचंही तसंच! परवा अल मजाजला मैत्रिणीकडे जेवायला बसलो, तर माझे यजमान म्हणाले, "हिला सर्व्हरचं काही विचारू नका, उद्या सकाळपर्यंत थांबणार नाही." आता चिडवलंच आहे, तर ऐकाच!

आमची कंपनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. दूध, दही, लबन, म्हणजे आपलं ताकच हो, दुकानांना पोचवायचं. सगळ्या ऑर्डर्स एका सर्व्हरवर. तो पडला की गाड्या उन्हात उभ्या आणि ताक आंबतंय. मग आम्ही तिघं, मी, ठाण्याचा निखिल आणि रत्नागिरीचे सलीमभाई, मॅनेजरच्या केबिनमध्ये खाली मान घालून उभे! आम्ही तिघं एकदम केबिनमध्ये दिसलो, की अख्ख्या ऑफिसला कळायचं, सर्व्हर पडला.

मॅनेजर अबू फैसल जॉर्डनचे. दुबईत इतकी वर्षं काढलीत की हिंदीतच ओरडतात.

*

एकदा सर्व्हर सारखा गुदमरायला लागला. मी म्हटलं, "सर, डिनायल ऑफ सर्व्हिस असू शकतं. म्हणजे दुकानात शंभर जण एकदम घुसून भाव विचारतात, घेत कुणीच नाही. खरं गिऱ्हाईक बाहेरच राहतं."

अबू फैसल टेबलावर हात आपटून म्हणाले, "कौन है अपना दुश्मन?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "सर, दुश्मन होने के लिए इतनी बड़ी कंपनी नहीं है अपनी!"

*

शोधता शोधता सापडलं काय? आमचेच दोन राउटर, माहितीला रस्ता दाखवणारी यंत्रं. वापरात नसलेल्या पत्त्यावर काही आलं, की पहिला म्हणे "दुसऱ्याकडे जा", दुसरा म्हणे "पहिल्याकडे जा". बाहेरच्या कुणीही थोडा कचरा पाठवला, तरी तो या दोघांत येरझारा घालून लाइन तुंबवून टाकणार!

हे साहेबांना समजवायचं कसं, या चिंतेत मी फळ्यावर चित्र काढलं. त्यांना अर्ध्या चित्रातच कळलं.

"हमारे गाँव में इसको ऑफिस बोलते हैं!"

अशा पत्त्यांवर आलेलं सगळं थेट कचऱ्यात टाकायची सोय केली. खलास!

*

आता खरी गोष्ट. सलीमभाईंच्या मुलीचा, सानियाचा निकाह ठरला होता. एकुलती एक पोर. ती रत्नागिरीत वाढली आणि बाप इथे ताकाच्या गाड्या सांभाळत राहिला. तिचा एक वाढदिवस म्हणून त्यांना मिळाला नव्हता. सुट्टी मागितली, तर अबू फैसल म्हणाले, "एक हफ्ता सर्व्हर नहीं गिरा, तो जाओ. इन्शाल्ला."

संध्याकाळी तिघं घरी निघालो, तर गाडीत सलीमभाई म्हणाले, "ताई, इन्शाल्लावर निकाह होतो हो. विमानाचं तिकीट कसं काढायचं?"

मला इतकं वाईट वाटलं! निखिल तर तावातावाने म्हणाला, "बघतोच कसा पडतो ते!"

*

आठवडा संपत आला आणि सर्व्हर पुन्हा लटकला. सलीमभाईंचा चेहरा बघवेना. मी राउटर उघडून बसले, तर बिचारा "मी बरा आहे, मी बरा आहे" एवढंच सांगण्यात दमलेला. रस्ता दाखवायला ताकदच उरली नव्हती. आणि हे विचारत कोण होतं?

सर्व्हर पडायच्या आत कळावं म्हणून निखिलने राउटरला सारखी तब्येत विचारणारा एक प्रोग्रॅम लावला होता. गुपचूप मीही लावला होता. आणि सलीमभाईंनी तर तीन! आजाऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्यांनीच त्याचा जीव घ्यावा, तशी गत!

तिघं केबिनमध्ये. मी सगळं सांगितलं. अबू फैसल सलीमभाईंकडे वळले. आता सुट्टी गेली, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

"तो दुश्मन मिल गया," ते म्हणाले. "यल्ला, चलो, दुश्मन को छुट्टी पे भेजो!"

*

निकाहाच्या दिवशी सलीमभाईंनी व्हिडिओ कॉलची लिंक पाठवली. ऑफिसात ज्याने त्याने आपापल्या टेबलावर उघडली. पाच मिनिटांत चित्र गोठलं. निखिल सवयीने ओरडला, "अटॅक!"

मी पाहिलं. सगळी गर्दी आमचीच, आणि सर्वांत जास्त ओढ साहेबांच्या केबिनमधून! मोठ्या पडद्यावर लावून बसले होते. मी दार वाजवून सांगितलं, तर म्हणाले, "सब बंद करो. सब लोग इधर आओ."

अख्खं ऑफिस केबिनमध्ये! चित्र लख्ख झालं. पडद्यावर सलीमभाई, नवी शेरवानी, कानामागे अत्तराचा फाया. हसत हसत त्यांनी फोन वर धरला, आणि आम्हाला सगळ्यांना त्या केबिनमध्ये उभं पाहिलं.

चेहरा पांढराफटक. पाहुण्यांना बाजूला सारत, फोन तोंडाशी नेऊन म्हणाले, "ताई, काय झालं? सर्व्हर पडला?"

मी तोंड उघडायच्या आत मागून अबू फैसल गरजले, "सलीम! सामने से हटो! दुल्हन दिखाओ!"