ओटी भरतानाचा फोटो

आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टींना सगळ्यात जास्त हसणारी मीच. शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे 'सिद्ध करा' हाडामासांत मुरलेलं. दिलीप — माझा नवरा — गेल्यावर लोक सांत्वनाला येऊन म्हणायचे, "ते तुमच्या आसपासच असतील हो." मी म्हणायचे, "असता तर एव्हाना चहा मागितला असता." अशी बाई आज हे लिहायला बसलीय, यावरून काय ते समजा.

दिलीप खडकीला कारखान्यात नोकरीला होता, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. नातेवाइकांकडचं एक कार्य सोडायचा नाही. फ्लॅश त्याला अजिबात चालायचा नाही... "माणूस पोलीस चौकीत बसल्यासारखा दिसतो," म्हणायचा. मग अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ चढवायचा, म्हणजे कॅमेरा कमी उजेडातही टिपतो. लोक म्हणतात त्याने फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. दिलीपचं मत वेगळं. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतं. मागे झगझगीत दिवे असले की ते बिचकतं, नि पुढचा माणूस काळा पडतो. तो काळा चेहरा घरी कम्प्युटरवर उजळायला गेलं की दाणेच दाणे! म्हणून मोजायचं ते फक्त चेहऱ्यावर, मागचे दिवे फोटोत पांढरेफटक जळाले तर जळू द्यायचे. हे तो मला स्वयंपाकघरात उभं राहून समजावायचा आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचे.

आमच्या सानिकाच्या लग्नातच त्याने जाहीर केलं होतं, "हिच्या डोहाळजेवणाचे फोटो मीच काढणार, बाहेरचा माणूस आणायचा नाही." तेवढं राहिलं.

डोहाळजेवण धायरीला, सानिकाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये दोन मरतुकड्या ट्यूब आणि झोपाळ्याच्या मागे डेकोरेशनवाल्याने सोडलेला दिव्यांच्या माळांचा भलामोठा पडदा. सवाष्णी ओटी भरायला उभ्या राहिल्या, तशा जावयाच्या काकू अगदी गोड आवाजात मला म्हणाल्या, "अहो विहीणबाई, आपण फोटो काढा ना. तेवढीच आठवण." पुण्यात माणसाला बाजूला करतात ते असं, आदराने! कार्यात विघ्न नको. दिलीपचा कॅमेरा पर्समध्ये होताच. आयएसओ त्याच्यासारखा सहा हजार चारशेवर नेला आणि एकामागून एक बटण दाबत सुटले. डोळ्यांत पाणी येत होतं, पण कॅमेरा तोंडापुढे असला की कुणाला दिसत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

शेवटी सानिकाच म्हणाली, "आईने ओटी भरल्याशिवाय मी झोपाळ्यावरून उठणार नाही." काकूंनी पदर सावरला. मी कॅमेरा बंद केला, पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला आणि लेकीची ओटी भरली. तेव्हा मला दिलीप इतका हवासा वाटला... काय सांगू! त्याने तिथे फक्त उभं राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जावई, निखिल, फोटो लॅपटॉपवर बघत बसला. माझे सगळे फोटो काळे. मागचे दिवे सुरेख आणि पुढे माझी लेक म्हणजे नुसती सावली. त्याने उजळून बघितलं, तर गालांवर रवाच रवा. मला रडू कोसळलं. दिलीपचं एवढं एक काम, तेही मी मातीत घातलं असं वाटलं.

तेवढ्यात निखिल थांबला. "आई, हा कोणी काढला?"

फोटो माझा आणि सानिकाचा. मी ओटी भरतेय, ती माझ्याकडे बघतेय. मागचे दिवे पार जळून पांढरे झालेले आणि आम्ही दोघी स्वच्छ, एक दाणा नाही. आयएसओ तोच, सहा हजार चारशे. शटर इतकं संथ की साध्या हातात फोटो हललाच असता, पण हा जराही हललेला नाही. कॅमेरा खुर्चीवर पडला होता, फोटो मात्र उंच माणसाने उभं राहून काढल्यासारखा. निखिलने फोटोसोबत साठवलेली माहिती उघडली. मीटर सरासरीवर नव्हतं, एका ठिपक्यावर होतं, आणि ते कुठे धरलंय हेही दिसत होतं. उत्सवमूर्ती सानिका, पण ठिपका माझ्या चेहऱ्यावर होता.

आम्ही सगळ्यांना फोन केले. कुणीही कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. काकू तर म्हणाल्या, "आम्ही सगळ्या तुमच्याचकडे बघत होतो हो." निखिल आयटीतला, त्याने कॅमेऱ्यात बिघाड असेल म्हणून बरंच डोकं लावलं. शेवटी लॅपटॉप मिटला. सिद्ध काहीच करता येत नाही.

एक मात्र करते, हसलात तरी चालेल. संध्याकाळी केस विंचरते, बरी साडी नेसते, कॅमेरा चार्ज करून समोरच्या खुर्चीवर ठेवते आणि थोडा वेळ नुसती बसून राहते. मग कार्ड काढून बघते.

अजून एकही फोटो आलेला नाही.