साडूंचे ढग

हिंगोली जिल्ह्यात आभाळाला सर्वांत जास्त भिणारा माणूस शोधायचा झाला, तर डोंगरकडा गावाच्या पुढे जायची गरज नाही. तिथे माझे थोरले साडू राहतात. रस्त्याला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, मागे घर आहे, गावाबाहेर थोडी हळद आहे आणि या सगळ्यावर उपग्रहाची नजर आहे. मोबाइलवर ढगांचे ताजे फोटो बघायला मिळतात, हे त्यांना कुणीतरी दाखवलं आणि त्या दिवसापासून हा माणूस निवांत जेवला नाही. एक घास भाजीचा, एक नजर अरबी समुद्रावर. मी हिंगोलीत राहतो, पण तिथेही ते मला गाठतात. फोन उचलला की, "जय भीम साडू, खिडक्या लावून घ्या." मी म्हणतो, "काहून? ऊन तर चटके देऊन राहिलं." "समुद्रात गोळा फिरून राहिला." "अहो, समुद्र कुठं, हिंगोली कुठं!" "गोळ्याला काय तिकीट लागतं का?" एवढं बोलून ते फोन ठेवतात आणि मुळातच भित्रा असलेला मी बायकोला न सांगता खिडक्या लावून घेतो.

जन्मभर लग्नांचे फोटो काढल्यामुळे ढगांकडेही ते फोटोग्राफरच्याच नजरेने बघतात. चक्रीवादळाचा फोटो आला की आधी कौतुक. "डोळा बघा कसा बराबर उघडा आलाय. आमच्या नवऱ्या नेमक्या बटन दाबताना मिटतात." मग एकदम कानाला हात लावायचा आणि पाणी प्यायचं. असाच एक फोटो त्यांनी मोठा करून, फ्रेम करून स्टुडिओत दोन नवदांपत्यांच्या मध्ये टांगला आहे. शेजारच्या तांड्यावरची एक म्हातारी पासपोर्टचा फोटो काढायला आली होती. ती बराच वेळ त्या करड्या, गरगरीत आकाराकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "लेकरू कोनाच्या पोटातलं हाय, बाबा?" साडू म्हणाले, "बंगालच्या उपसागराच्या." म्हातारीने भक्तिभावाने हात जोडले.

लग्नघरी त्यांना बोलावणं म्हणजे धास्ती विकत घेणं. अक्षता पडायच्या आत ते ग्रुप फोटो उरकून घेतात, कारण संध्याकाळपर्यंत मांडव जागेवर राहील याची खात्री ते देत नाहीत. नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन मांडवाचे दोर ओढून बघायला लावतात. बहुतेक वेळा ढग दुसरीकडे निघून जातो आणि लोक पंगतीत त्यांची यथेच्छ टिंगल करतात. मीही करायचो. पण त्यांची भीती हवेतली नव्हती. गारपीट झाली की पंचनाम्याचे फोटो काढायला गावोगाव यांनाच नेतात. झाडाखाली मरून पडलेल्या पाखरांचा सडा, फुटलेले पत्रे, गारांनी जागेवरच मेलेलं जनावर हे सगळं त्यांनी कॅमेऱ्यात डोळा घालून बघितलेलं होतं. आम्ही ढग वरवर बघतो, त्यांना त्याच्या मागून येणारा दुसरा फोटोही दिसायचा.

ऐन हळदीच्या दिवसांतली गोष्ट. शिरड शहापूरला एका लग्नात ते फोटोला आणि मी जेवायला, असे दोघेही हजर होतो. हळद शिजवून झाली की ती उघड्या रानात वाळत पसरतात आणि तेव्हा पाऊस आला तर रंग जातो, वर्षाची मेहनत काळी पडते. त्यामुळे या दिवसांत साडू मोबाइल खिशात ठेवतच नाहीत. दुपारी त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. पडद्यावर आपल्या भागावर एक लाल ठिपका होता. ढग जितका उंच तितकं त्याचं डोकं थंड आणि ते थंड डोकं त्या फोटोत लाल दिसतं, हे त्यांनी मला पूर्वी शिकवलेलं. पुढचा फोटो आला तेव्हा ठिपक्याचा डाग झाला होता आणि तो डोंगरकड्याकडे सरकत होता. त्यांनी घरी फोन लावला. "अगं, लई मोठा ढग येऊन राहिला. गारा हायेत त्याच्यात." आणि सुटकेचा श्वास टाकला. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, सावध केलं, काम झालं.

थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला तर शेजारणीने उचलला. "अक्का तर कवाच रानात गेल्या. ताडपत्री घेऊन पळाल्या."

साडूंचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. बाई घरात, पत्र्याखाली, सुखरूप बसलेली होती. तिला उघड्या रानात, विजांच्या खाली यांच्याच फोनने नेलं होतं. आमच्याकडे ढग येतोय म्हटल्यावर माणूस घरात पळत नाही, हळदीकडे पळतो. हे साध्या पोराला कळतं. उपग्रहाच्या नादात साडू ते विसरले होते. कॅमेरा नवरदेवाच्या मांडीवर ठेवून ते बाहेर आले. मी मोटारसायकल काढली. मागे बसून ते मोबाइल बघत होते आणि बडबडत होते, "ढगाचं डोकं दिसून राहिलं, साडू. टाळू दिसून राहिली. खाली कोन हाय ते काहून दिसत न्हाई?" लाल डाग आता गावावर बसला होता. पुढे गारा सुरू झाल्या. हेल्मेटवर दगड मारल्यासारखा आवाज होत होता आणि खरं सांगतो, मला गाडी वळवून पळून जावंसं वाटत होतं. मागच्या माणसाची बडबड थांबली होती आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती.

रानात पोचलो तर बांधावरचं लिंबाचं झाड मधोमध उभं चिरलेलं, बुंध्यातून धूर निघत होता. साडू तिथेच चिखलात बसले. तेवढ्यात रानाच्या मध्यावर ताडपत्री हलली आणि तिच्याखालून अक्का बाहेर आली, नखशिखांत भिजलेली, थरथर कापणारी. ती त्या लिंबाखालीच थांबली होती. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने उचललं म्हणून धावत परत आली आणि मागे वीज पडली. नवऱ्याला बघून तिला आधी रडू आलं, मग राग आला. "तुमीच तर फोन केला ढग येऊन राहिला म्हून! मंग हळद कोनं झाकावी?" साडू चिखलातून उठले. तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून ते नुसता हात फिरवत राहिले.

त्या दिवसापासून साडूंनी घरी ढगाचं नाव काढणं सोडलं. बघतात पूर्वीपेक्षा जास्त, बोलत मात्र नाहीत. त्याऐवजी थापा मारतात. पाहुणे आलेत, किल्ली सापडत नाही, गॅस संपला. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला थापा काही जमत नाहीत, पण त्या ऐकून अक्का घरी येते.

यंदा मी त्यांच्याकडे होतो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. साडूंनी मोबाइल बघितला, उशीखाली सारला आणि रानात फोन लावला. "छातीत कळ मारून राहिली. घरी ये." अक्का आली. विळा कोपऱ्यात ठेवला, वाळत घातलेले कपडे आत घेतले, खिडक्या लावल्या आणि मग पलंगाशी येऊन बसली. "कुठं दुखून राहिलं?" साडूंनी घाईघाईने उजव्या बाजूला हात ठेवला. मी तोंड फिरवलं. अक्का उठून आत गेली. वाटीत तेल घेऊन ती त्यांची उजवी बाजू चोळू लागली. तेवढ्यात पत्र्यावर पहिली गार वाजली, मग दुसरी, मग नुसता कल्लोळ. रानात हळद उघडी पडली होती. ते तिलाही माहीत होतं, त्यांनाही. दोघंही दाराकडे न बघता बसून राहिले.

"आता कमी हाये का?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"हाये," साडू म्हणाले, "पन तू उठू नको."